सत्तर वर्षांचं पत्र

मयताच्या घरी काय बोलावं, हे कुणालाच नीट येत नाही. आमच्या ख्रिस्ती लोकांत त्यासाठी एक वाक्य तयार असतं, "प्रभूची काहीतरी योजना असेल." चपला काढता काढताच ते ओठांवर आलेलं असतं. समोरच्यानं मान हलवली की बोलणाऱ्याला हायसं वाटतं आणि मग चहा होतो. २०२१ च्या मे महिन्यात दादा गेला. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती, दफनविधीला मोजकी माणसं. बाकीचे सगळे भेटायला आले ते निर्बंध जरा सैल झाल्यावर, जून-जुलैत. त्या दिवसांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की फाटक वाजलं तरी ते आधीच कानात वाजायला लागायचं.

यात कुणाची दुष्टाई नव्हती, हे आधीच सांगते. आलेले लोक मनापासून रडले. कुणी 'उपासना संगीत' उघडून गीत म्हटलं, कुणी डबा आणला, कुणी जाताना उशीखाली पाकीट सरकवलं. पण ते वाक्य ऐकताना माझ्या पोटात गोळा यायचा. दादाचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, भाड्याच्या शेडमध्ये छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, आणि एक ड्रिलिंग मशीन. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, टर्निंग, बोअरिंग करून द्यायचं. वय पन्नाशीच्या आत. एका लेथवर कर्ज. मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. यातली योजना कुणाला दिसत असेल तर त्यानं मला बाजूला घेऊन समजावून सांगावी, असं वाटायचं.

वहिनी मात्र शांत. ती गडहिंग्लजकडची, बोलणं खास आमच्याकडचं. येणाऱ्या प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणायची. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर भांडी आवरताना म्हणाली, "ताई, योजना असंल की. मी कुठं न्हाई म्हणतो? पर मला इचारून तर केली न्हाई न्हवं?"

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, योजनेविषयीचं बायबलमधलं एक वचन सगळ्यांना पाठ आहे, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११. नाताळात वाटायच्या कॅलेंडरवर ते असतं, लग्नपत्रिकेवर असतं, नव्या घराच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेलं असतं आणि रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर फोनवर येतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, देव म्हणतो. ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा देणारे आहेत. दादाच्या शेडमध्येही मशीनच्या मागच्या भिंतीवर हेच वचन होतं, ऑइलचे डाग पडलेलं.

मी संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचा वर्ग घेते. पुढच्या वर्षी त्यांच्यासोबत यिर्मयाचा हा अख्खा अध्याय वाचायला घेतला. सुटं वचन नको, सबंध पत्र वाचू, असं ठरवलं. कारण ते पत्रच आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजानं येरुशलेमचा राजा, राजमाता, दरबारी यांना धरून बाबेलला नेलं. सोबत सुतार आणि लोहारही नेले, हे अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात लिहिलंय. म्हणजे त्या काळचं उद्यमनगरच उचलून नेलं म्हणा ना. कारागीर नेले की मागे राहिलेल्यांना ना नांगर दुरुस्त करता येत, ना भाले घडवता येत. त्या हद्दपार लोकांना येरुशलेमहून यिर्मयानं हे पत्र धाडलं.

त्याच्या आधीचा अध्याय वाचला नाही तर पत्राचा जोर कळत नाही. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा होता. त्यानं भर मंदिरात जाहीर केलं की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिरातून लुटलेली पात्रं परत येतील. यिर्मया बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता, ते हनन्यानं काढून मोडून टाकलं. लोकांना काय आवडलं असेल ते सांगायला नको. मला यातलं यिर्मयाचं उत्तर फार आवडतं. तो आधी "आमेन" म्हणतो. देव तसं करो, तुझं बोलणं खरं ठरो. त्यालाही तेच हवं होतं. फक्त ते खरं नव्हतं.

आणि मग पत्र. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्या शहराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. बाबेलची सत्तर वर्षं भरली की मी तुमच्याकडे लक्ष देईन. हे दहावं वचन. आणि लगेच पुढे अकरावं, कॅलेंडरवालं. दहावं कुणी छापत नाही.

वर्गातल्या एका मुलानं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "टीचर, म्हणजे तोवर मी ८४ वर्षांचा." शेजारचा म्हणाला, "तू कसला जगतोयस तोवर!" सगळे हसले. पण हिशेब बरोबर होता. पत्र ज्यांच्यापुढे मोठ्यानं वाचलं गेलं असेल त्यातली बहुतेक मोठी माणसं बाबेलमध्येच मातीत गेली. आशा खरी होती, पण तिचं फळ नातवंडांच्या पदरात पडायचं होतं. हातात आलं ते एवढंच, की आता इथंच राहायचंय, तेव्हा मळा लावा.

कोल्हापूर म्हणजे आमचं बाबेल, असं मला म्हणायचं नाही, गैरसमज नको. आम्ही इथलेच. आमच्या रविवारच्या रश्श्यात आणि शेजारच्यांच्या रश्श्यात काडीचा फरक नसतो. वहिनीची हद्दपारी कुठल्या शहरातून झाली नव्हती. दादा ज्या घरात होता त्या घरातून तिला बाहेर काढलं गेलं होतं, आणि त्या घरी परत जाता येत नाही.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी होते न होते तोच त्या जुलैत पाऊस लागला. पूर म्हणजे काय हे कोल्हापुरात पोरांनाही कळतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथं पाढ्यासारखं पाठ असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की प्रत्येक फोनवर मेसेज येतो, आणि मग गल्लोगल्ली कट्ट्यावर जलसंपदा खात्याची बैठक भरते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं, फुगवटा कुठवर आला, महामार्गाला शिरोलीजवळ भराव घातला नसता तर काय झालं असतं. २०१९ च्या ऑगस्टचा महापूर अंगावर ताजा होता. २०२१ लाही पाणी ५० फुटांच्या वर गेलं. वहिनीचं घर शाहूपुरीच्या खालच्या अंगाला, जयंती नाल्याच्या बाजूला. ती पोरांना आणि दादाच्या फायलींची पेटी घेऊन राजारामपुरीत माझ्याकडे आली. पाणी उतरल्यावर आम्ही घर खरवडून काढलं. ज्यांनी पुराचा चिखल उपसलाय त्यांना त्या वासाचं वर्णन करून सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना ते सांगून उपयोग नाही.

त्यानंतरच्या एका प्रार्थनासभेत बाहेरगावाहून आलेले एक वक्ते म्हणाले की हा पूर देवाचा न्याय आहे. पुढे जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही, रोख मूर्तींवर होता. आमच्यातल्या कितीतरी जणांची गणेशमूर्ती घडवणाऱ्या कुंभार गल्लीत घरोब्याची माणसं आहेत. गणपतीच्या तोंडावर ज्यांचं वर्षाचं काम पाण्यात विरघळलं त्यांच्या घरी २०१९ ला आमच्याच बायकांनी भाकऱ्या पोचवल्या होत्या. खोलीत कुणी हाललं नाही. आमचे पाळकसाहेब मितभाषी आहेत. त्यांनी उठून फक्त लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडला आणि वाचला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती येरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो, आणि स्वतःच म्हणतो, नाही. मग ती का मेली ते तो सांगतच नाही. उलट विचारणाऱ्यांकडेच वळून, तुम्ही पश्चात्ताप करा, म्हणतो. तो भाग मऊ नाही आणि पाळकसाहेबांनीही तो गाळला नाही. वाचून झाल्यावर ते खाली बसले. वक्त्यांनी प्रार्थना आटोपती घेतली.

कारण शोधूच नये असं माझं म्हणणं नाही. धरणाचं पाणी कुणी कधी सोडलं, पूररेषेच्या आत इमारतींना परवानगी कुणी दिली, साथीत खाटा आणि ऑक्सिजन का पुरला नाही, हे विचारलंच पाहिजे, आणि कागदावर विचारलं पाहिजे. "देवाची योजना" या वाक्याचा सगळ्यात मोठा फायदा कधी कधी अशाच माणसांना होतो ज्यांनी आपलं काम केलेलं नसतं. माझा राग त्यावरही आहे. पण तो प्रश्न माणसांना विचारायचा. वहिनीचा प्रश्न दुसऱ्याच खात्याला होता.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक मी दादा गेल्यावर वाचलं नाही, हिंमत नव्हती. बऱ्याच महिन्यांनी वाचलं. ईयोबावर संकटं का आली ते पहिल्या दोन अध्यायांत आपल्याला कळतं, स्वर्गातली ती सैतानाची पैज आपण वाचलेली असते. ईयोबाला ती शेवटपर्यंत कळत नाही. तिसऱ्या अध्यायापासून एकतिसाव्यापर्यंत तो भांडतो, मग देव वावटळीतून बोलतो, पृथ्वीचा पाया, समुद्राची दारं, रानगाढव, शहामृग अशा सगळ्यांविषयी बोलतो, पण कारण सांगत नाही. गुरं परत मिळतात, मुलं पुन्हा होतात, कारण मात्र मिळत नाही. आणि त्याच्या मित्रांनी, ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं, त्यांनी आपल्याविषयी यथार्थ भाषण केलं नाही असं देव म्हणतो. हे वाचताना मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे कारणं सांगणारे लोक तेव्हाही देवाला पटले नव्हते.

मागे वळून पाहिलं की धागे दिसतात, हे खरं आहे. आमच्याकडे त्याचं नेहमीचं उदाहरण वायल्डरसाहेबांचं. रॉयल वायल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आला. शाळा काढल्या, विरोध सोसला, अनेक वर्षं राबून ख्रिस्ती झालेली माणसं थोडीच. पण त्याचा मुलगा रॉबर्ट इथं कोल्हापुरातच १८६३ मध्ये जन्मला, आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांची जी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, जिच्यातून हजारो तरुण जगभर मिशन कार्यासाठी गेले, तिच्या मुळाशी तो होता. उपदेशात ही गोष्ट आली की शेवटी हमखास म्हणतात, पाहा, देवाची योजना! मला वायल्डर बापलेकांविषयी आदर आहे, त्यांचं नाव आमच्या शहरातलं एक चर्च आजही मिरवतं. पण आपण ज्यांचा धागा दिसला त्यांचीच गोष्ट सांगतो. त्या काळी मिशनऱ्यांची आणि इथल्या लोकांचीही कितीतरी लेकरं तापानं, पटकीनं गेली. त्यांच्या थडग्यांपुढे उभं राहून कुणी उपदेश रचत नाही.

त्यापेक्षा पंडिता रमाबाईंकडे पाहावंसं वाटतं. १८७० च्या दशकात दुष्काळात वणवण करताना आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, दोन वर्षं पुरती होण्याआधीच पती पटकीनं गेले. कडेवर लहानगी मनोरमा. ख्रिस्ती झाल्या त्या यानंतर, १८८३ मध्ये, इंग्लंडात. म्हणजे संकटातून सुटका झाली म्हणून विश्वास बसला, असा सोपा हिशेब तिथं लागत नाही. विश्वास ठेवल्यावर संकटं थांबली, असंही नाही. त्यांनी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन जिच्या हाती सोपवायचं त्या मनोरमाबाई १९२१ मध्ये आईच्या आधी गेल्या. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायचं काम अजून हातात होतं. त्यांनी ते पुरं केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मुलगी का गेली याचं उत्तर त्यांना मिळालं होतं का? मला नाही वाटत. प्रुफं मात्र तपासून झाली होती.

वहिनीकडे परत येते. त्या वर्षी गणपती झाल्यावर शेडचा भाडेकरार संपत होता. तिच्या भावांचं म्हणणं, दोन्ही लेथ विकून टाक, पैसे बँकेत ठेव. उद्यमनगरातले ओळखीचे तेच सांगत होते आणि त्यांचं काही चुकीचं नव्हतं. बाईमाणसानं शेड चालवणं सोपं नाही, ऑर्डरी घटलेल्या, आणि ऑपरेटर काय, चार पैसे जास्त मिळाले की गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जातो. वहिनीनं कर्जाचा लेथ विकला आणि बँक मोकळी केली. दुसरा ठेवला. मग स्टॅम्पपेपरवर स्वतःच्या नावानं पुढचा करार केला.

तो करार पाहिला तेव्हा मला यिर्मयाचं शेत आठवलं. हे त्याच्याच पुस्तकात पुढे, बत्तिसाव्या अध्यायात आहे आणि त्याचं कॅलेंडर कुणी काढत नाही. येरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैद आहे, आणि चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, माझं अनाथोथातलं शेत विकत घे. शत्रूच्या फौजेच्या टाचेखालची जमीन! देवाचाच हा शब्द आहे असं ओळखून यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात घालून पुष्कळ दिवस टिकतील अशा ठेवायला आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सांगतो. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही हा तपशील वाचून बरं वाटावं, इतका तो चोख आहे. गंमत म्हणजे सगळे सोपस्कार पार पडल्यावर तो देवाला विचारतो, वेढा पडलाय, नगर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? सही आधी, शंका नंतर. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, नेलं. त्या शेतात त्याचा पाय पडल्याचं बायबलमध्ये कुठं लिहिलेलं नाही.

दादाकडे बरीच वर्षं काम केलेले एक मेस्त्री आहेत, वयस्कर. त्यांनी वहिनीला व्हर्नियर धरायला, मायक्रोमीटर वाचायला शिकवलं. हिशेब तिला आधीपासून येत होता. बोअर जरा मोठा झाला की अख्खं कास्टिंग बाद होतं आणि बिलातून पैसे कापून जातात, हे तिनं बाद झालेल्या कास्टिंगवरून शिकलं. सकाळी शेड उघडली की मशीन चालू करायच्या आधी ती डोळे मिटून उभी राहते, अर्धा मिनिट. खंडेनवमीला पोरं लेथला झेंडूचा हार घालतात, ती त्यांना पेढे आणि बोनस देते. मी एकदा सहज म्हटलं की वहिनी, तुम्ही हे सगळं इतकं छान शिकलात, कदाचित यासाठीच... तिनं मला पुढे बोलू दिलं नाही. "ह्यांना न्हेलं म्हणून मी लेथ शिकलो, आसं कुणी म्हटलं तर मी त्येला शेडच्या भाईर काढीन. तुमाला पण." मग हसली. पण ते गमतीनं म्हटलेलं नव्हतं.

ती देवावर रागावली आहे का? मी विचारलेलं नाही. रविवारी ती येते, प्रभूभोजन घेते. ८८ वं स्तोत्र तिच्या बायबलमध्ये पेन्सिलीनं खूण केलेलं मी पाहिलंय. त्या स्तोत्राच्या शेवटी आशेची एकही ओळ नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. तिचा भरवसा मला कुठं दिसत असेल तर तो तिनं कुठलंही स्पष्टीकरण न मागता पुढच्या अकरा महिन्यांचं भाडं कबूल केलं, त्यात. माझा स्वतःचा भरवसा इतका धड नाही. मी अजून अधूनमधून कारण मागते.

मागच्या वर्षी मंडळीच्या वर्धापनदिनाला वहिनीला साक्ष द्यायला सांगितलं. अशा साक्षींचा एक ठरलेला साचा असतो, आधी संकट, मग प्रार्थना, मग चमत्कार, मग हालेलुया. वहिनी पुढे गेली, पदर सावरला आणि सगळ्यांना "सलाम" म्हणाली. मग म्हणाली, "प्रभूची योजना काय हाय, मला अजून कळलेलं न्हाई. कळलं की सांगतो. तवर दोन गोष्टींसाठी प्रार्थना करा. पोरीची इंजिनिअरिंगची शेवटची फी भरायची हाय. आनि मला एक टिकणारा ऑपरेटर पायजे, दारू न पिणारा." आणि जाग्यावर जाऊन बसली. "आमेन" म्हणायचं की नाही हे लोकांना पटकन कळेना. मागच्या बाकावरून आमच्या एका म्हाताऱ्या आत्यानं ठणठणीत आवाजात "आमेन!" म्हटलं, तेव्हा बाकीचे म्हणाले.

उपासना सुटल्यावर आवारात दोन जण वहिनीला गाठून आपापल्या ओळखीतल्या ऑपरेटरचे नंबर देत होते. त्यातला एक सोमवारी येतो म्हणून आलाच नाही. दुसरा हुपरीहून एसटीनं ये-जा करतो आणि अजून टिकून आहे, फक्त शनिवारी लवकर सुटायला बघतो.